यंत्राची खंडेनवमी

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसायला नको. तो वडिलांकडून आला. ते मुरुमच्या आडत बाजारात मापाडी होते. तोलताना काट्याला कुणाचं बोट लागलेलं दिसलं की त्यांचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. मी भौतिकशास्त्रात एवढं शिकले आणि शेवटी नशिबात आलं तेही काट्याला कुणाचं बोट लागत नाही ना, हे बघायचंच काम.

काम असं होतं. एक लहानसं विमान आपल्या धाराशिव जिल्ह्यावरून सरळ रेषेत येरझारा घालायचं. शेत नांगरताना एका तासाला लागून दुसरं तास काढतात, तसं. त्याच्या शेपटीत चुंबकत्व मोजणारं यंत्र होतं. आपल्याकडं वर काळी माती आणि खाली काळा पाषाण. त्या पाषाणाला कुठं चीर आहे, कुठं तो जाड आहे, त्याच्याही खाली काय आहे, हे खणल्याशिवाय कळत नाही. चुंबकत्वावरून मात्र थोडाफार अंदाज बांधता येतो आणि त्याचा नकाशा करता येतो. अडचण एवढीच की पृथ्वीचं चुंबकत्व दिवसभर एकसारखं राहत नाही. सूर्याच्या करणीनं ते चढतं, उतरतं. म्हणजे विमानानं मोजलेल्या आकड्यात खडकाचाही वाटा असतो आणि सूर्याचाही. म्हणून जमिनीवर एकाच जागी दुसरं यंत्र ठेवायचं. ते सेकंदा-सेकंदाला फक्त हा चढउतार लिहून ठेवतं, आणि विमान उतरल्यावर तो विमानाच्या आकड्यांतून वजा करायचा. या जमिनीवरच्या यंत्राची मी कंत्राटी चाकर होते.

यंत्राच्या आसपास लोखंड फिरकता कामा नये, ही एकच अट. एकच म्हणते खरं, पण आपल्या मुलुखात ही अट पाळायची म्हणजे माशाला कोरडं राहा म्हणण्यासारखं आहे. पहिली जागा ढोकीजवळ बघितली. तिथं साखर कारखाना, आणि हंगाम तोंडावर आलेला. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या उभ्या. यंत्र लावून बघितलं तर आलेख असा नाचला की मी दहाव्या मिनिटाला गाशा गुंडाळला. शेवटी वाशीपासून थोडं आत एक माळ मिळाला. विजेची तार नाही, बोअर नाही, रस्ता नाही. माळाचे मालक सत्तरीच्या आतबाहेरचे. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. यंत्राची राखण करायला, सरकारसाठी हे काम करणाऱ्या आमच्या कंपनीनं त्यांनाच नेमलं.

मी त्यांना यंत्राचं काम समजावून सांगितलं. अर्धा तास बोलले. सूर्य, पृथ्वी, वजाबाकी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी इमान पोत्यासकट तोलतंय, आन् तुमी नुसतं बारदान तोलताय."

मापाड्याची लेक असून हे मला सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून आबांबद्दल मला आदर वाटू लागला, आणि थोडा रागही आला.

यंत्राचा लाकडी खांब उभा करायला खड्डा त्यांनीच खणला. जागा मी आधी तपासून घेतली होती, काळजी नव्हती. खांबाच्या टोकावर यंत्राचं डोकं, लांब केबलच्या दुसऱ्या टोकाला पेटी आणि बॅटरी. भोवती लाकडी खुंट्या ठोकून सुताची दोरी बांधली, आणि आजींनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, तिला जुन्या लुगड्याच्या चिंध्या लावल्या. दोरीच्या आत यायचं तर किल्ल्या, मोबाइल, पट्टा, चाकू, सगळं बाहेर. चपलेला खिळे असतील तर चपलाही बाहेर. मी स्वतः प्लास्टिकच्या चपला घालायचे आणि वेणीला रबर लावायचे.

माझ्यापेक्षा आबा कडक निघाले. तलाठ्याची मोटरसायकल त्यांनी लांब बांधावरून परत पाठवली. स्वतःच्या बैलांना, त्यांच्या खुरांना नाला ठोकलेल्या म्हणून, लांबून वळसा घालून नेऊ लागले. शेजाऱ्याची शेळी दोरीखालून आत शिरली तर तिला धरून गळ्यातली घंटी तपासली. ती पितळी निघाली, तेव्हाच शेळीची सुटका झाली. गावात त्यांचा भाव वधारला. आबा म्हणजे इमानाच्या यंत्राचे राखणदार. पारावर बसून ते लोकांच्या शंका सोडवू लागले. मी ऐकायचे आणि कपाळाला हात लावायचे.

शंकाही तशाच होत्या. निम्म्या गावाचं म्हणणं, विमान सोनं शोधतंय. उरलेल्यांना ते पाऊस पाडायला आल्याची खात्री होती. योगायोगानं एका दुपारी सरी आल्या आणि काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं. तीन शेतकरी माझ्याकडं आले आणि आता बास करा म्हणाले. मी चिडून त्यांना ढगांचं शास्त्र सांगायला लागले. आबांनी मला बाजूला घेतलं आणि त्यांना सांगितलं की वर कळवलंय, उद्यापासून पडणार नाही. दुसऱ्या दिवशी खरंच पडला नाही. माझ्या शास्त्राला जे जमलं नाही ते आबांनी एका वाक्यात करून टाकलं.

अशात नवरात्र आलं. अष्टमीच्या संध्याकाळी मी दोरीबाहेरची पेटी आवरत होते आणि कानाला फोन होता. दसऱ्याला घरी येणार की नाही, यावरून आई माझी उलटतपासणी घेत होती. तेवढ्यात आबांनी काहीतरी विचारलं. मी मान डोलावून "हो, हो" म्हटलं. काय विचारलं ते मी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. विमानाला सुट्टी नव्हती. वाशीवरच्या रेषांवरून त्याच दिवशी उडायचं होतं. मी सकाळी यंत्र चालू केलं आणि उठता उठता माझ्या चपलेचा अंगठा तुटला. विमान आकाशात असताना यंत्राच्या परिचालकानं, म्हणजे मी, जागा सोडायची नाही, असा नियम आहे. मला तो पाठ होता. पण अनवाणी माळावर किती वेळ फिरणार, आणि आबा तर होतेच की राखणीला. मी गावातून एका रिक्षानं वाशीला गेले. दसऱ्याचा बाजार भरलेला, झेंडूचे ढीग, माणसाला माणूस चिकटलेला. बिनखिळ्याची, माझ्या मापाची प्लास्टिकची चप्पल मिळायला चार दुकानं पालथी घालावी लागली. मी परतले तेव्हा दीड तास होऊन गेला होता.

बांधावरूनच मला दिसलं. यंत्राच्या डोक्यावर झेंडूचा हार होता. खांबाला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. आणि खांबाच्या बुडाशी, गोल मांडून, धुऊन पुसून लखलखीत केलेलं आबांच्या घरातलं यच्चयावत लोखंड. नांगराचा फाळ, कुळवाची पास, पहार, टिकाव, कुऱ्हाड, विळे, खुरपी, पान्हा, कानस. आजी आरती ओवाळत होत्या. शेजारचे चौघंजण हात जोडून उभे होते, आणि त्यांच्या किल्ल्या, मोबाइल, चपला दोरीच्या बाहेर नीट रांगेत ठेवलेल्या होत्या. तेवढी शिस्त आबांनी पाळायला लावली होती.

नेमकं तेव्हाच विमान आमच्या डोक्यावरून गेलं.

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वडील असते तर त्यांनीही माझ्याकडं वळून बघितलं असतं. आजींच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी दोरी ओलांडून आत घुसले आणि पहारीला हात घातला, तेव्हा आबा म्हणाले, "म्याडम, आज हत्याराला हात लावत न्हाईत. आन् काल म्या इचारलं तवा तुमीच व्हय म्हणला हुता."

काल त्यांनी विचारलं होतं की उद्या नवमी, सगळी अवजारं थांबतात, तर यंत्रही पूजेला ठेवायचं ना. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कामाला लावत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. आमच्या घरी तराजूची पूजा व्हायची, तेव्हा त्या दिवशी वडील एक दाणा तोलत नसत. आबांच्या हिशेबात सरळ होतं. यंत्र आज कामावर नाही, फाळ आज कामावर नाही, कामावर नसलेलं लोखंड कामावर नसलेल्या यंत्राचं काय बिघडवणार? वर विमान घिरट्या घालतंय त्याचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्यांना वाटलं इमानवाले परमुलखातले असतील, त्यांना नवमी काय ठाऊक.

मला लाज वाटली. स्पष्ट सांगायचं तर, आबांची नाही, माझी. पण लाज वाटत असतानाच डोकं चालू लागलं. जे लोखंड हलत नाही, ते आकड्यात एकदाच काय ती भर घालतं. आता उचललं तर आणखी गोंधळ. मी पहार सोडली आणि सगळ्यांना म्हटलं, कशालाही हात लावू नका, जिथं जे आहे तिथं राहू द्या. आजींना वाटलं मला देवीनं सुबुद्धी दिली. मी तो समज तसाच राहू दिला.

विमान उतरल्यावर मी यंत्राची नोंद उघडली. आलेखाला एकामागून एक पायऱ्या होत्या. काही वर चढलेल्या, काही खाली उतरलेल्या, जसं जे अवजार ज्या बाजूला मांडलं गेलं तसं. मी कंपनीच्या साहेबांना फोन लावला. ते माझे वरिष्ठ, आकडे तपासणारे, फोनवर कधी कुणाला वाक्य पुरं करू न देणारे. ते म्हणाले की दुसरं जमिनीवरचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, विमानाचे उरलेले दिवस दुसऱ्या रेषांना दिलेत, तेव्हा आजच्या रेषा बाद कराव्या लागतील आणि नकाशावर वाशीच्या डोक्यावरून एक पांढरा पट्टा जाईल. कारण म्हणून यंत्रात बिघाड असं लिही, आणि त्या राखणदाराला उद्यापासून येऊ नको म्हणून सांग.

म्हणजे मी सहीसलामत सुटत होते. आबांना मात्र दसऱ्याच्या दिवशी कामावरून काढायचं होतं. पगाराचं त्यांना फारसं काही वाटलं नसतं, माळ होता, घरचं होतं. पण ज्या पारावर बसून ते पाऊस थांबवत होते, त्या पारावर त्यांना पुन्हा बसता आलं नसतं. मी साहेबांना म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत थांबा, मी पायऱ्या काढून देते. ते काहीतरी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

आबांना सगळं खरं सांगितलं. साहेब काय म्हणाले तेही. त्यांनी एकदा मांडलेल्या अवजारांकडं बघितलं. मग विचारलं, "बारदानावर बारदान चढलं, असंच न्हवं? मग येक येक उतरवून तोलू."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही ते केलं. पूजेची अवजारं उचलायचीच होती. फक्त एकेक उचलायची, बांधापलीकडं नेऊन ठेवायची आणि दोन मिनिटं थांबायचं. यंत्र चालू. मी पेटीपाशी वही घेऊन बसले. आजी दोरीबाहेरून पुकारत होत्या, काल कुठलं कशानंतर ठेवलं तो क्रम त्यांच्या तोंडपाठ होता, कारण कुंकू त्यांनीच लावलं होतं. आबा अनवाणी, सदऱ्याच्या खिशातलं सगळं काढून ठेवून, देवाचा टाक उचलावा तसा एकेक जिन्नस उचलत होते. आजी म्हणायच्या, "कानस." आबा कानस नमस्कार करून उचलायचे, बांधापलीकडं जायचे, मी आकडा लिहायचे. मग, "पान्हा." पान्ह्यालाही नमस्कार.

कालचे चौघंजण बघायला आलेले चाळीसजण झाले. प्रत्येक अवजाराला किती आकडा पडला हे त्यांना कळायला हवं होतं. मी आधी सांगितलं नाही, मग सांगू लागले, कारण न सांगण्यात जास्त दम खर्च होत होता. एवढीशी कानस कुऱ्हाडीला भारी पडली, तेव्हा लोकांत कुजबुज झाली. पहारीनं फाळाला मागं टाकलं, ते मात्र आबांना अजिबात आवडलं नाही. पुन्हा मोजा म्हणाले. मी पुन्हा मोजलं. फाळ मागंच राहिला. "जुना हाय," एवढंच ते म्हणाले आणि फाळ जरा जास्तच जपून घेऊन गेले.

शेवटचं अवजार उचललं आणि आलेख बरोबर परवाच्या पातळीवर येऊन बसला. काल चढलेली प्रत्येक पायरी आज त्याच मापानं उतरली होती. मी दुपारभर बसून कालच्या नोंदीतून एकेक अवजार वजा केलं आणि खालून सूर्याची साधी सरळ कमान निघाली. मला रडू आलं. मोठ्यानं हसतच रडले, म्हणून कुणाला फारसं कळलं नाही.

मग शेऱ्याचा रकाना होता. प्रत्येक दिवसाच्या आकड्यांबरोबर एक शेरा जातो आणि आकडे जिथं जातील तिथं तोही जातो. मी लिहिलं: स्थानिक सण, अवजारांची पूजा, परिचालक जागेवर नव्हती. खाली नऊ अवजारांची नावं, प्रत्येकाची वेळ आणि दुरुस्ती. राखणदाराचा उल्लेख केला नाही. साहेबांचा फोन आला. सरकारदरबारी जाणाऱ्या कागदात खुरपं लिहितात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आकडे तपासा आणि चूक निघाली तर खुरपं खोडा. त्यांनी दोन दिवस तपासले. खुरपं राहिलं. आबाही राहिले. मला एक कडक पत्र मिळालं, आणि पुढच्या कामाला मला घेतलं नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही, असं मला बजावून सांगण्यात आलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी आबा आपट्याची पानं घेऊन आले होते. दोरीपाशी थांबले आणि म्हणाले, "सोनं हाय. आत चालतंय न्हवं?"

पुढं मी एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. तिथं काट्याला बोट लावणारी साठ मुलं असतात, त्यामुळं स्वभावाला काम मिळत राहिलं. मध्ये काही वर्षं गेली, आणि एका सुट्टीत मला कळलं की आपल्या जिल्ह्याचे ते आकडे सरकारनं संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुले केले आहेत. कुणीही उतरवून घ्यावेत आणि खडकांचे नकाशे करावेत. मी उतरवून घेतले. आधी वाशी बघितली. पांढरा पट्टा नव्हता. मग त्या दिवसाचा शेरा उघडला. फाळ, पास, पहार, टिकाव, कुऱ्हाड, विळे, खुरपी, पान्हा, कानस. इंग्रजी लिपीत, जसेच्या तसे.

मी नकाशाची मोठी रंगीत प्रत काढली आणि माळावर गेले. आबा आता थकले होते, पण ओळखलं लगेच. चौघांनी नकाशा बाजेवर पसरून धरला आणि पहिला प्रश्न आला, आमचा रंग कुठला. मी दाखवला. लाल कुणाचा, निळा कुणाचा, यावरून तिथंच दोन तट पडले. पाणी कुठं आहे, असं विचारलं. मी म्हटलं हा नकाशा पाणी दाखवत नाही, खडक कसा आहे ते दाखवतो. भूजलवाले त्यावरून चिरा शोधतील, मग पाणी. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, पाणी कुठं आहे.

आबांना मी शेरा वाचून दाखवला, मराठीत करून. अवजारांची नावं ऐकताना ते बोटं दुमडत मोजत होते. परिचालक जागेवर नव्हती, या वाक्याला त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

"हे तुमी आपल्या हातानं लिवलं?"

मी म्हटलं, खरं होतं ते.

माणसं नकाशा घेऊन पाराकडं गेली, तसे ते काठी टेकत उठले आणि मला खांब होता त्या जागी घेऊन गेले. खांब केव्हाच निघाला होता. खड्डा बुजून वर गवत आलं होतं.

"येक लिवायचं राहिलं," ते म्हणाले. "खड्डा खणला ना, तवा बुडाशी घोड्याची नाल पुरली हुती म्या. यंत्र बघायला समदं गाव येणार, नजर लागंल म्हणून. तुमाला सांगितलं असतं तर तुमी काढायला लावली असती. अजून हाय तिथंच."

मी गवताकडं बघत राहिले. शेळीची घंटी तपासणारा हा माणूस. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, साऱ्या जिल्ह्याचं बारदान आम्ही एका नालेवर उभं राहून तोललं होतं. रागानं माझे कान तापले, आणि सवयीनं मी मनातल्या मनात हिशोब मांडला. एकदा पुरली ती हलली नाही. रोजच्या आकड्यात तेवढीच होती आणि रोज वजाबाकीत तेवढीच निघून गेली. राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

मी म्हटलं, "आबा, त्या नालेनं काही बिघडलं नाही."

"बिघडंल कसं," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच तर पुरली हुती."